खाचरातले श्रोते

विंझरच्या समाजमंदिरात सोमेश्वरने माईक हातात घेतला, समोर बसलेल्या माणसांकडे पाहिलं आणि त्याची वाचाच बसली. ताप नव्हता, घसा धरला नव्हता. तो गावचा कृषी सहायक होता, भातावरच्या तुडतुड्या किड्यांबद्दल चार शब्द सांगायचे होते, आणि त्यातलं त्याला सगळं ठाऊक होतं. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर जमेला भरपूर होतं, खर्ची कधी काही पडत नव्हतं. एका माणसासमोर तो अडखळायचा, दोघांसमोर घामाघूम व्हायचा आणि सभेसमोर त्याचं यंत्र बंद पडायचं. लोकांनी थोडी वाट पाहिली, चहा घेतला आणि उठून गेले.

त्याच्या वरिष्ठ आरती मॅडम स्वतः असं बोलत की ऐकणाऱ्याला मधे श्वास घ्यायचीही चोरी. त्यांनी त्याला जीपपाशी गाठलं.

“पुढच्या मेळाव्याला मी परत येणारे. तेव्हाही असेच उभे राहिलात, तर भोरच्या ऑफिसात आवक-जावकचं टेबल रिकामं आहे. तिथं कुणाशी बोलावं लागत नाही.”

सोमेश्वरला टेबलाची धास्ती होती. किकवीचा हा मुलगा शेतकी शिकला तोच मुळी चिखलात पाय राहावेत म्हणून. भाताच्या चुडाशी, रोपांच्या जुडीशी, वाकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते लग्नाच्या फोटोतही नाही, असं त्याची बायको फोनवर बोलून दाखवायची. मॅडमचं सगळं बोलणं त्याची घरमालकीण रतनबाई पाण्याचा तांब्या धरून ऐकत होती. ती तांब्या द्यायचं विसरली. ऐकायचं विसरली नाही.

सोमेश्वरने मग मोबाईलवर भाषणकलेचा एक वर्ग लावला. त्यातला कोटवाला गुरू म्हणाला, “समोर माणसं आहेत हे विसरा. ती बुजगावणी आहेत असं समजा.” गुरूने बुजगावणं बहुधा चित्रातच पाहिलं असावं. सोमेश्वरला समजण्याची गरज नव्हती. त्याच्या खोलीमागे रतनबाईच्या भाताच्या खाचरात ती खरोखरची उभी होती. भात दुधात आलेला, पाखरांचा सुळसुळाट. एका बुजगावण्याच्या अंगावर फाटका रेनकोट, दुसऱ्याच्या अंगात रतनबाईच्या मयत नवऱ्याचा कोट, डोक्याला मडकी.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो बांधावर जाऊन उभा राहिला. ओढ्यावरून धुकं वर सरकत होतं. बुजगावण्यांच्या कमरेखालचं काही दिसत नव्हतं. नुसती धडं हवेत टांगल्यासारखी.

“शेतकरी बंधूंनो,” सोमेश्वर म्हणाला, आणि आवाज आला. त्याचा स्वतःचाच. “तुडतुडे वरून दिसत नाहीत. चुडाच्या बुडाशी बघा. सापडले तर खाचरातलं पाणी काढून टाका. युरिया आता बंद.” वाक्यामागून वाक्य सुटत गेलं. मयताच्या कोटाची बाही तेवढी वाऱ्याने हलली. ती त्याने दाद समजली.

चार-दोन दिवस असे मजेत गेले. मग एका सकाळी त्याला वाटलं की श्रोत्यांत एकाची भर पडली आहे. घोंगडं पांघरलेलं, डोकं झुकलेलं. रतनबाईने डुकरांच्या भीतीने आणखी उभं केलं असेल, असं म्हणून त्याने भाषण पुढे चालवलं. पण भर पडत गेली. धुक्यात मागे मागे काळसर आकृत्या दिसू लागल्या, आणि एक गोष्ट त्याला नीट बसली नाही: बुजगावणी कुणी पिकाकडे तोंड करून लावतं, कुणी वाटेकडे. ही सगळी त्याच्याकडे तोंड करून होती.

“रतनबाई, खाचरात नवी बुजगावणी लावलीत का?” त्याने जेवताना विचारलं.

“न्हाई बा,” रतनबाई भाकरीवरून नजर न उचलता म्हणाली. “का वो?”

“काही नाही.”

“धुक्यात दिसतं आसं काय-बाय. आमचे मालकबी त्या खाचरात लई रमायचे. खावा, आमटी निवतीया.”

त्या आमटीची चव सोमेश्वरला लागली नाही.

याहून वाईट म्हणजे शिवारात फिरताना त्याला खाचरांतलं पाणी काढलेलं दिसू लागलं. आज याचं, उद्या त्याच्या शेजारचं. जे त्याने जिवंत माणसाला कधी सांगितलं नव्हतं, फक्त मडक्यांना सांगितलं होतं, ते आपोआप घडत होतं. गोरख नावाचा शेतकरी चुडाच्या बुडाशी वाकून बघताना सापडला.

“हे... पाणी... कुणी सांगितलं?” सोमेश्वरने विचारलं.

गोरख दचकला, आभाळाकडे बघू लागला. “कुनी न्हाई. रातच्याला सपनात आलं.”

“कोण आलं?”

“चेहरा न्हाई दिसला,” गोरख म्हणाला आणि घाईने बांध ओलांडून गेला.

तरीही सोमेश्वर खाचरात जात राहिला. भीती होती, पण टेबलाची जास्त होती. दोन भीतींची वजाबाकी करून जी उरते तिच्याबरोबर माणसाला राहावं लागतं. मेळाव्याला थोडे दिवस उरले असताना त्याने गुरूने सांगितलेला शेवटचा धडा गिरवला. धुक्याकडे बघत, छाती पुढे काढून तो म्हणाला, “कुणाला काही शंका असेल तर हात वर करा.”

मागच्या रांगेतून एक हात सावकाश वर आला.

सोमेश्वर पळाला. एक चप्पल चिखलात राहिली. दिवसभर तो खोलीत पांघरूण घेऊन पडला, आणि संध्याकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर ती चप्पल ठेवलेली, स्वच्छ धुतलेली. त्यानंतर तो खाचराकडे फिरकला नाही, खिडकीही उघडली नाही.

मेळाव्याच्या दिवशी धुकं अकरा वाजले तरी हटलं नव्हतं. वीज गेलेली. मॅडमची जीप आली, सोमेश्वर त्यांच्यामागून समाजमंदिरात शिरला आणि दारातच थबकला. सभागृह भरलेलं होतं. कुणी बोलत नव्हतं, कुणी तंबाखू मळत नव्हतं. घोंगडी, शाली, टापश्या गुंडाळून सगळे ताठ बसले होते, आणि पापणीही हलवत नव्हते. पुढच्याच रांगेत फाटका रेनकोट होता. त्याच्या शेजारी मयताचा कोट.

“काय झालंय या लोकांना?” मॅडमनी दबक्या आवाजात विचारलं. आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज दबका निघाला असावा.

सोमेश्वर माघारी वळला. तेवढ्यात मयताच्या कोटातून, ओठ न हलवता, ओळखीचा आवाज आला.

“बोला साहेब,” रतनबाई पुटपुटली. “आमीच हाय. रोज आमीच व्हतो. मानूस हलला की तुमची वाचा जाती, म्हनून गप हुबं ऱ्हायचो. त्या दिशी ह्या गोरख्यानं हात वर केला आन् घोटाळा झाला. आता समद्यांला तंबी दिलीया. तुमी सांगस्तोवर कुनी हालनार न्हाई. तुमाला भोरला जाऊ द्यायचं न्हाई आमाला.”

रेनकोटातल्या गोरखने मान खाली घातली नाही. तेवढी हालचाल त्याला परवडणारी नव्हती. डोळे मात्र शरमलेले दिसले.

सोमेश्वर सरळ पुढे गेला. ही सभा नवी नव्हतीच, हे तर जुने श्रोते. त्याने बंद पडलेला माईक नुसताच हातात धरला आणि बोलला. तुडतुड्यांवर बोलला, पाण्यावर, युरियावर, मधे थांबला, पुन्हा बोलला. समोर एक शिंक आलेली कुणीतरी दाबून मारली. भाषण संपलं तेव्हा टाळी वाजली नाही, कारण टाळीला हात हलवावे लागतात. त्या शांततेत बाहेरच्या पत्र्यावरून ठिबकणारं दव ऐकू येत होतं.

यानंतर मॅडमचं भाषण होतं. त्या उभ्या राहिल्या, त्या न हलणाऱ्या डोळ्यांकडे त्यांनी पाहिलं, आणि वेळ फार झाला असं सांगून थेट जीपपाशी आल्या. सोमेश्वर मागोमाग होताच.

“मी इतकी वर्षं बोलतेय,” त्या म्हणाल्या, “माझ्यासमोर लोक जांभया देतात. तुमच्यासमोर अख्खं गाव खिळून बसलं होतं. असला माणूस विंझरच्या चिखलात ठेवणं हा सरकारचा तोटा आहे. चला, बसा गाडीत. आजपासून भोरला. सगळ्या सहायकांना बोलायला तुम्ही शिकवायचं. ते टेबल रिकामंच आहे, शिकवून उरलेल्या वेळात आवक-जावकही बघा.”

सोमेश्वरने तोंड उघडलं. मला नको, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर मॅडम होत्या, धुक्याबाहेरच्या, जिवंत, भुवया हलवणाऱ्या. तोंड उघडंच राहिलं.

“गहिवरलात. समजू शकते,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी जीपचं दार उघडलं.

त्याने गावाकडे पाहिलं. निरोपाला सगळे बाहेर आले होते, रस्त्याच्या कडेने रांगेत उभे होते. एकाने जरी पुढे होऊन ‘साहेबांना नेऊ नका’ म्हटलं असतं, तरी काम झालं असतं. कुणी हललं नाही. जीप सुटली तेव्हा हात हलवायलाही कुणी हात वर केला नाही. मागच्या काचेतून तो बघत राहिला. पाय धुक्यात गेले, मग कमरा, मग नुसती धडं तरंगत मागे पडली.

“काय शिस्त आहे हो,” मॅडम म्हणाल्या.

वळण गेल्यावर त्याचा मोबाईल वाजला. त्याने कानाला लावला. रतनबाईचा आवाज होता, ओठ न हलवता काढलेला.

“साहेब, गाडी दिसंना झाली. आता हललं तर चालंल का?”

मॅडमनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. सोमेश्वरला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.