बयाजीचं न विणलेलं घरटं

एका जंगलात, मुलांनो, शिकार कमी आणि शिक्षण जास्त झालं होतं. म्हणून तिथे एक महाविद्यालय होतं. प्राचार्य होते हत्ती.

तिथे बयाजी नावाच्या तरुण सुगरण पक्ष्याने नाव घातलं. सुगरणींत रीत अशी, की घरटं नवऱ्या मुलाने विणायचं. मुलगी येऊन ते बघणार, आवडलं तरच लग्न. बयाजीला पलीकडच्या बाभळीवरची मंजुळा फार आवडायची. म्हणून त्याला विणकाम शिकायचं होतं. बाकी काही नको होतं बिचाऱ्याला.

नेमकी तेव्हाच मास्तरांची सभा भरली. सक्तीचे विषय किती असावेत?

"दोन पुरेत," हत्ती म्हणाले. ते भोळे होते.

अस्वल उठलं. त्याच्या 'मधाचा रसास्वाद' या वर्गाकडे कोणी फिरकत नसे, कारण मध ते एकटंच खाई. "आकड्याचं मला काही नाही," ते म्हणालं. "पण ज्याने मधाचा विचार केला नाही, तो प्राणी अपुरा."

मग मगर उठली. ती करुणा शिकवायची. तिच्या वर्गात विद्यार्थी टिकत नसत. का, ते तुम्हीच ओळखा.

वटवाघळाला 'उलटा दृष्टिकोन' सक्तीचा हवा होता. सगळ्यांनी एकमेकांच्या विषयाला हात वर केले. उलट्या लटकलेल्या वटवाघळाने खाली केला, तोही वरच मोजला. कोल्होबांचा वर्ग तेवढा तुडुंब भरायचा. त्यामुळे त्यांचा विषय ऐच्छिक राहिला.

सक्तीचे विषय झाले सतरा. विणकाम गेलं शेवटच्या वर्षाला.

"सर, विणीचा हंगाम त्याआधीच येतोय," बयाजी म्हणाला.

"बाळा, आपण इथे घरटं नाही, व्यक्तिमत्त्व घडवतो," हत्ती म्हणाले.

हंगाम आला. मंजुळाही आली, मावशीला घेऊन.

"घरटं कुठाय?" मावशींनी विचारलं.

"घरट्याबद्दल मी बोलू शकतो," बयाजी म्हणाला. मग तो बोलला. करुणेच्या अंगाने बोलला, उलट्या अंगाने बोलला, थोडा मधाकडेही वळला. मावशींना डुलकी लागली.

मंजुळाला मात्र तो मनापासून आवडला होता. तिला वाईट वाटलं. "तुम्ही छान बोलता हो," ती म्हणाली. "पण अंडी कुठे ठेवू? तुमच्या बोलण्यात?"

तिने शेजारच्या झाडावरच्या एकाशी लग्न केलं. त्याचं घरटं वाकडं होतं. पण होतं.

बयाजी रडत, चिडत प्राचार्यांकडे गेला. "मला आत्ताच्या आत्ता विणकाम शिकवा."

"ते मास्तर सोडून गेले," हत्ती ओशाळून म्हणाले. "सतरा विषय पार करून त्यांच्यापर्यंत कोणी पोचेच ना. जागा रिकामी आहे. तूच घे की. तू घरट्यावर फार छान बोलतोस, असं ऐकलंय."

बयाजी मास्तर झाला. वर्गात चिटपाखरू येईना. त्याने काही दिवस भिंतीला शिकवलं.

पुढच्या सभेत तो उठला आणि घसा साफ करून म्हणाला, "आकड्याचं मला काही नाही. पण ज्याला विणता येत नाही, तो प्राणी अपुरा."

आता प्राचार्यांचं स्वतःचं पिल्लू सोंडेत गवताची काडी धरून बसलेलं असतं. गेंडा दोनदा नापास झालाय.

तात्पर्य : ज्या वर्गात कोणी बसत नाही, तो विषय सर्वांना सक्तीचा करावा. सर्वांगीण विकासाची गरज विद्यार्थ्यांना असो वा नसो, मास्तरांना विद्यार्थ्यांची असतेच.