झोपवायला बोलावलेला वाघ

दोन लेकरं झोपवायला किती वेळ लागतो? प्रफुलच्या हिशेबाने दहा मिनिटं. तेही मध्ये चहा घेतला तर!

"राईस मिलमधी बारा हमाल सांभाळतो मी," तो बायकोला म्हणाला. "एक शिटी मारली का बाराच्या बारा उभे राह्यते. हे दोन पोट्टे काय चीज आहे? तू बिनधास्त जाय."

संघप्रिया काही झाडीपट्टीचं नाटक पाहायला निघाली नव्हती. नर्सिंगचा कोर्स होऊन सात वर्षं झाली होती, त्यातली सहा लेकरांमागे गेली होती. आता कुठे तालुक्याच्या दवाखान्यात कंत्राटी का होईना, जागा मिळाली होती. पहिला महिना रात्रपाळी, आठ ते आठ. ऑर्डर आली त्या दिवसापासून सासूबाई, म्हणजे प्रफुलची आई सुगंधाबाई, जपमाळेसारखं एकच वाक्य ओढत होत्या, "मायबिगर लेकरं झोपत नसते."

शेवटी घरात असं ठरलं की पहिल्या रात्री लेकरं बापाजवळ झोपली तर सुनेने नोकरी करावी, नाही झोपली तर ऑर्डर पेटीत घालून वर कुलूप लावावं. हे ठरवलं सुगंधाबाईंनी, मान डोलावली प्रफुलने. संघप्रियालाही विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही! आणि तरी प्रफुल मनापासून समजत होता की आपण बायकोच्या बाजूचे आहोत.

निघताना ती चपला घालता घालता सांगत होती, "राजदीपले माझा कान धराची सवय आहे. कान द्या त्याले. थोपटा हळूच. खुशबूले पाणी एकदाच द्या, नाई त ती रातभर..."

"हाव हाव, समजलं!" प्रफुल म्हणाला. त्याला काहीही समजलं नव्हतं. सूचना हमालांना द्यायच्या असतात, सुपरवायझरला नाही.

आठ वाजता त्याने दोघांना गादीवर आडवं केलं. सहा वर्षांची खुशबू भिंतीकडे, चार वर्षांचा राजदीप मध्ये आणि कडेला बाप. सुगंधाबाई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "मी हात लावणार नाई. पाहून राह्यली फक्त."

राजदीपने अंधारात हात लांबवून बापाचा कान धरला, चाचपला आणि सोडून दिला.

"हा कान नाई पायजे."

"काऊन बेटा?"

"याले केस आहे."

प्रफुलने दुसरा कान दिला. त्यालाही होते! मग त्याने थोपटायला घेतलं. वीस वर्षं तांदळाच्या पोत्यांवर थाप मारून माल ओळखणारा हात तो, पोराच्या पाठीवर पडला तसा राजदीप खोकलाच. खुशबूने पाणी मागितलं. तिने मागितलं म्हणून राजदीपने मागितलं. पाणी झाल्यावर दोघांना जोडीने शू आली. शू करून आल्यावर गोष्ट पाहिजे झाली. प्रफुलला एकच गोष्ट येत होती, मिलचा पट्टा तुटला तेव्हाची.

"मंग पट्टा कोनाले लागला?" खुशबूने विचारलं.

"कोनालेच नाई लागला."

"मंग गोष्ट काय झाली?"

नऊ वाजले. राजदीप उशीवर उभा राहून उड्या मारत होता. प्रफुलने शिटी मारून पाहिली. पोरगं खूश झालं आणि म्हणालं, "अजून मारा!" ओसरीतून सुगंधाबाईंचं खाकरणं ऐकू आलं. त्या खाकरण्यात अख्खं "मी म्हटलंच होतं" होतं.

आता मोठ्या शहरात पोरांना बागुलबुवाची भीती घालतात. बागुलबुवाची सोय अशी की तो नसतो. जंगलाला लागून असलेल्या कवडटोल्यात ही सोय नाही. इथे भीती घालायची तर खरीच हजर असते, चार पायांवर, तलावाच्या पाळीपलीकडे. म्हणून तर दिवेलागणीनंतर गावात कुणी तिचं नाव घेत नाही, नुसतं 'जनावर' म्हणतात. पोरांना झोपवायला तिला कुणी हाक मारत नाही. ही अक्कल गावातल्या शेंबड्या पोरालाही होती. प्रफुलची मात्र त्या वेळी दहा मिनिटांची पैज चालली होती!

"मी गायीले पाहून येतो," तो म्हणाला आणि मागच्या दाराने गोठ्यात गेला. तिथे रिकामी घागर होती. त्याने तिच्यात तोंड घातलं आणि पोटातून असा काही गुरगुरला, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. मग एक खिळा घेऊन गोठ्याच्या टिनावर खर्र, खर्र, खर्र ओढला. लाकडी खांबावरही दोन ओरखडे मारले. उगाच कमी नको! गाय मान वळवून पाहत होती. तिने मालकाला बऱ्याच अवस्थांमध्ये पाहिलं होतं, ही नवी होती.

आत येऊन तो घाबऱ्या आवाजात पुटपुटला, "चूप! जनावर आलं हो. डोळे लावा!"

डोळे लावा म्हणायची गरजच नव्हती. दोन्ही लेकरं डोक्यावरून गोधडी घेऊन निपचित पडली होती. एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. हूं नाही की चूं नाही! प्रफुलची छाती फुगली. गोधडीत हात घालून त्याने मोबाईल काढला आणि बायकोला मेसेज टाकला, 'दोघंही झोपले. टेन्शन नको घेऊ.' शिवाय ओसरीत जाऊन आईलाही म्हणाला, "झोपले ना! पाह्यलं?"

सुगंधाबाई काही बोलणार, तेवढ्यात बुद्धविहारावरचा भोंगा करकरला.

"गावकऱ्यांनो, लक्ष द्या! प्रफुलभाऊच्या गोठ्यात जनावर शिरलं आहे! लेकरंबाळं अंदर घ्या! बचाव दलाचे पोरं काठ्या घेऊन निंघा!"

प्रफुलने गोठ्याकडे पाहिलं. आपल्या गोठ्यात? आत्ता तर आपण तिथे एकटे उभे होतो! एकटे होतो ना? का आपल्या गुरगुरण्याला ओ देत खरंच कुणी आलं? त्याने आईला आत ओढलं, दाराला कडी घातली, कडीला पाट लावला, पाटाला शिलाई मशीन लावली आणि मशीनला स्वतः टेकून उभा राहिला.

गोधडीतून खुशबूचं डोकं बाहेर आलं. ती टक्क जागी होती.

"भिऊ नका बाबा, मी तुमच्या मोबाईलवरून फोन केला ना, बचाव दलाच्या लटारू आबाजीले."

"कधी?"

"तुमी गोठ्यात होते तवा. शाळेत वनवाले आले होते. त्याईनं सांगतलं, चिल्लावाचं नाई, पयाचं नाई, अंदर राहून फोन कराचा. नंबर पाठ आहे मले. मी पह्यले जय भीम म्हटलं, मंग सांगतलं."

प्रफुल मशीनवरच बसला. बाहेर वाघ नाही याचा आनंद मानावा, की बाहेर अख्खं गाव आहे याचं दुःख, हे त्याला कळेना.

गाव आलंच. बॅटऱ्या, काठ्या, डबे, एकाने तर लग्नात उरलेल्या फटाक्यांची लड आणली. पुढे बचाव दलाचे प्रमुख लटारूभाऊ. पाठोपाठ वनविभागाची जीप आली आणि तिच्यातून वनरक्षक रंजीता मॅडम उतरल्या. प्रफुलने दार उघडून तोंडही उघडलं, "लटारूभाऊ, तसं काही..." पण त्याचं ऐकतो कोण! गोठ्यातून आरोळी आली, "ओरखडे आहे! ताजे आहे!"

मग काय विचारता! ज्याने त्याने वाघ पाहिलेला निघाला. अश्विन पानठेलेवाल्याने शेपूट पाहिली होती. एकाने डोळे पाहिले होते. लटारूभाऊंनी तर जमिनीवर बॅटरी मारून सांगितलं की मादी आहे आणि सोबत दोन बछडे आहेत. गावातली यच्चयावत पोरं हा सोहळा पाहायला बाहेर आली. लेकरं अंदर घ्या म्हणून भोंगा ओरडत होता आणि त्याच्याच तालावर लेकरं नाचत होती!

रंजीता मॅडम तेवढ्या शांत होत्या. त्यांनी टिनावरून बोट फिरवलं.

"याले एकच नख होतं काय?"

"म्हातारं असंल," लटारूभाऊ म्हणाले.

"आत्ता तर म्हटलं, बछडेवाली आहे म्हणून."

"म्हातारपणी झाले असंल, मॅडम!"

गर्दीत मिलचे बाराही हमाल होते, सुपरवायझरलाही मालकच म्हणणारे. "मालकानं एकट्यानं दार धरलं! लेकरं अंदर, जनावर बाहेर, अन् मधात मालक!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी फोटो काढला. प्रफुल नको नको म्हणत होता, पण मान खाली घालून नको म्हणणाऱ्या शूर माणसाचा फोटो तर आणखीच चांगला येतो. त्याला लाज वाटत होती. खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटत होतं.

आणि मग सुगंधाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माय रातच्याले घराबाहेर निंघाली, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

माना हलल्या. "खरं आहे बाई." "लहान लेकरं टाकून जाते काय कोनी?" "आज भगवानानं वाचवलं!" वाघ कुठल्या कुठे राहिला, गावाला संघप्रिया सापडली. कुणीतरी तिला फोनही करून टाकला होता.

ती दवाखान्यातल्या कुणाच्यातरी मोटरसायकलवर आली. अंगावर पांढरा कोट तसाच. पहिल्या ड्युटीचे दोन तास भरले नव्हते. "लेकरं कुठी आहे?" एवढंच तिने विचारलं. राजदीप धावत येऊन तिच्या खांद्यावर पडला, कान धरला आणि डबे वाजत असताना, भोंगा ओरडत असताना, झोपला. खुशबू तिच्या पायाला टेकून बसल्या बसल्या झोपली. चार मिनिटंही लागली नाहीत!

"पाह्यलं?" सुगंधाबाई गावाला म्हणाल्या.

लटारूभाऊंनी रंजीता मॅडमकडे मोर्चा वळवला. "तुमी कश्या आल्या मॅडम, एवढ्या रातच्याले? तुमचं लेकरू कोन झोपवते?"

"त्याचा बाप झोपवते," मॅडम म्हणाल्या. "त्याले येते."

यावर सगळे आदराने हसले. वर्दी होती ना अंगावर!

संघप्रिया गोठ्यात गेली. तिने टिन पाहिलं, पालथी घागर पाहिली, जमिनीवरचा खिळा पाहिला आणि मग नवऱ्याच्या बनियनवरचा गंज पाहिला. बारा वर्षं संसार केलेल्या बाईला पंचनामा लागत नाही. तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं.

रंजीता मॅडमनी कागद पुढे केला. "प्रफुलभाऊ, नीट ऐका. तुमी सही केली, प्रत्यक्ष पाह्यलं म्हणून, त आठ दिवस बंदी लागते. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, गावातलं कोनी बाहेर जाणार नाई."

"ड्युटीवाले बी?" संघप्रियाने विचारलं.

"सगळेच, बाई." मॅडमनी पुन्हा प्रफुलकडे पाहिलं. "म्हणून विचारून राह्यली. खरंच पाह्यलं काय तुमी?"

एक शब्द बोलायचा होता. 'नाई.' गाव हसलं असतं. आठ दिवस, फार तर महिनाभर हसलं असतं. लेकरांनी 'गुरगुर करून दाखवा' म्हटलं असतं. पण बारा हमाल त्याच्या तोंडाकडे पाहत होते, आई पाहत होती आणि फोटो तर कधीच गावाच्या ग्रुपवर गेला होता.

"अंधार होता मॅडम," प्रफुल म्हणाला. "पन जनावरच होतं."

आणि त्याने सही केली. ठसठशीत, खाली दोन रेघा ओढून.

दवाखाना आठ दिवस कशाला थांबतो? यादीतली पुढची बाई तिसऱ्या दिवशी हजर झाली. संघप्रियाने पांढरा कोट धुतला, इस्त्री केला आणि पेटीत ठेवला. 'मी उद्या वन ऑफिसात जाऊन खरं सांगतो,' असं प्रफुल तिला तीन वेळा म्हणाला. तिने एकदाही 'जा' म्हटलं नाही आणि त्यालाही ते न म्हटलेलं बरं पडलं.

चौथ्या रात्री ती लेकरांच्या मध्ये आडवी झाली. राजदीपने कान धरला. प्रफुल कडेला होता.

"बाबा," खुशबूने अंधारात विचारलं, "ते जनावर पुन्हा येईल काय?"

प्रफुलने घट्ट डोळे मिटले आणि बारीक घोरायला सुरुवात केली.

"बाबाले नको उठवू बेटा," संघप्रिया पोरीला थोपटत म्हणाली. "झोपू दे त्याईले. त्याईचं काम झालं."