राऊलचा विक्रम आणि केसरीनाथची मिशी

सोमवारी सकाळी केसरीनाथ रघूच्या सलूनमध्ये खुर्चीवर बसला आणि आरशात न बघताच म्हणाला, "सगळं काढ. आणि काही विचारू नको."

रघूने खरंच काही विचारलं नाही. एरवी हा रघू दाढीला फेस लावता लावता गिऱ्हाइकाच्या सासुरवाडीपर्यंत पोचणारा माणूस. पण त्याने केसरीनाथचे लाल डोळे पाहिले, उतरलेला चेहरा पाहिला, गुपचूप रेडिओ बंद केला आणि वस्तऱ्याला नवं पातं लावलं. केसरीनाथला वाटलं, चला, पोरगा समजूतदार निघाला. रात्रभर झोप नव्हती, त्यामुळे डोक्यावर गार पाणी पडताच त्याचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा डोक्याबरोबर मिशीही गेली होती.

"मिशी कशाला काढलीस?"

"तुमीच बोल्लाव ना, सगळं काढ," रघू खाली बघत म्हणाला. "आनि ह्या कामात मिशी ठेवत न्हायत, दादा."

केसरीनाथने पैसे पुढे केले तर रघूने त्याचीच मूठ मिटवली. "ह्या कामाचं पैसं मी घेत न्हाय."

आता इथेच एखाद्याच्या डोक्यात प्रकाश पडला असता. आपल्याकडे डोकं केलं, म्हणजे भादरलं, आणि मिशी ठेवली तर नवस, आणि मिशीसकट गेलं तर बाप गेला, हे भिवंडीत शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. पण केसरीनाथला ड्युटीला उशीर होत होता. शिवाय डोक्याला वारा लागत होता. त्याने धामणकर नाक्यावरून टोपी घेतली. टोपीवाल्याकडे त्या वेळी फक्त पांढरी होती, म्हणून पांढरी घेतली.

नवस होता राऊलसाठी. राऊल हा स्पेनचा, रिआल माद्रिदचा सात नंबरचा गडी. सतराव्या वर्षी संघात आला आणि गोल करत सुटला. गोल झाला की बोटातल्या लग्नाच्या अंगठीचा मुका घ्यायचा, आणि उभ्या कारकिर्दीत कोणी त्याला मैदानाबाहेर काढणारं लाल कार्ड म्हणून दाखवलं नाही. केसरीनाथ आणि तो एकाच वयाचे. दोघांत साम्य म्हणाल तर एवढंच, पण केसरीनाथला ते पुष्कळ होतं. पुढे स्पेनने राऊलला घरी बसवलं आणि त्याच्यावाचून युरोपचा कपही जिंकला. तेव्हा केबलवाला हसत म्हणाला होता, "संपला तुझा राऊल." ते केसरीनाथला फार लागलं. कारण गोदामात मागून आलेली पोरं सुपरवायझर झाली होती आणि हा अजून असिस्टंटच होता.

रिआल माद्रिदसाठी सर्वांत जास्त गोल करण्याचा एक जुना विक्रम होता, चाळीस-पंचेचाळीस वर्षं कोणी हात न लावलेला. राऊल त्याच्या जवळ येऊन रेंगाळत होता. नवरात्रात केसरीनाथ बायकोबरोबर वज्रेश्वरीला गेला. यामिनी देवीपुढे डोळे मिटून घरादाराचं काहीतरी शहाण्यासारखं मागत होती, तेव्हा हा पठ्ठ्या शेजारी हात जोडून म्हणाला, "आई, त्याला विक्रम मोडू दे, मी डोकं करीन." आदल्याच रात्री, फेब्रुवारीतल्या त्या रविवारी, टीव्हीवर केसरीनाथच्या डोळ्यांदेखत राऊलने तीनशेआठवा गोल मारला आणि विक्रम मोडला. यामिनी माहेरच्या एका लग्नाला गेली होती, त्यामुळे अडवायला घरात कोणी नव्हतं. आनंदाने म्हणा, नवसाच्या धास्तीने म्हणा, केसरीनाथ रात्रभर जागाच राहिला.

तरी खरी अडचण वेगळीच होती. महिन्यापूर्वी अशाच एका मॅचच्या जागरणानंतर तो ड्युटीवर पेंगला होता आणि नाशिकचं कापड नागपूरला गेलं होतं. गोदामाचे मॅनेजर प्रभाकर कर्णिक भडकले होते. "आता फुटबॉल बंद. वडिलांची शपथ घे, नाहीतर घरी बस." केसरीनाथने सगळ्या गोदामासमोर घेतली. वडिलांना, म्हणजे पडघ्याच्या पलीकडे गावात राहणाऱ्या भाऊंना, ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

तर असा हा केसरीनाथ पांढरी टोपी घालून वडप्याच्या गोदामाच्या फाटकाशी पोचला. फाटकात प्लास्टिकच्या खुर्चीवर काळूराम बसले होते. गोदामाखालची जमीन त्यांची, त्यामुळे ते दिवसभर तिथेच बसत आणि पोलीस आला तरी उठत नसत. केसरीनाथने घाम पुसायला टोपी काढली मात्र, काळूराम उठले आणि त्यांनी त्याला छातीशी धरलं.

"धीर धर, पोरा. बाप कोनालाच जनमभर पुरत न्हाय."

केसरीनाथचा हात वरच्या ओठावर गेला. रघूचा रेडिओ, नवं पातं, मिटवलेली मूठ, सगळं त्याला एकदम कळलं. "काळूशेठ, तसं न्हाय, भाऊ तं..."

"भाऊच म्हणायचास ना त्यांना?" मागून कर्णिक साहेबांचा आवाज आला. "आणि असा ड्युटीवर आलास? काल अग्नी दिलास आणि आज ड्युटी? मी इतका राक्षस आहे का रे?"

"साहेब, मी रात्री..."

"जागा होतास. दिसतंय डोळ्यांवरून." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आणि मी तुला त्यांचीच शपथ घ्यायला लावली. तू शपथ पाळलीस आणि मी... मला लाज वाटते, केसरीनाथ."

बोलायची वेळ हीच होती. पण खरं बोलायचं म्हणजे शपथ मोडली हे सांगायचं, आणि ते सांगितलं की नोकरी गेली. केसरीनाथने मनात म्हटलं, उद्या सांगू. त्याने मान खाली घातली. मुंडण केलेल्या माणसाने मान खाली घातली की त्याचा एकच अर्थ लोक काढतात.

साहेबांनी तिथल्या तिथे मुंबईच्या ऑफिसात थेट मालकांना, शेठना, फोन करून तेराव्यापर्यंतची रजा मंजूर करून घेतली. नाशिकला निघालेल्या ट्रकमध्ये त्याला बसवलं. "तू हो पुढे. आम्ही येतोच मागून."

"कशाला साहेब, एवढ्या लांब..."

"आमी काय परकं हाव?" काळूराम रागावले.

ट्रकवाल्याने केसरीनाथच्या डोक्याकडे पाहिलं आणि चालू असलेलं गाणं बंद केलं. हायवेभर केसरीनाथ देवीची करुणा भाकत होता, की मागून येणारी साहेबांची जीप पंक्चर होऊ दे. भाऊंना फोन करून सांगावं तर त्यांच्याकडे मोबाईल नव्हता. "खिशातून कोनी हाक मारलेली मना आवडत न्हाय," असं त्यांचं म्हणणं होतं.

भाऊ अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं.

"कोन गेला?"

"कोनी न्हाय."

"मंग मिशी?" भाऊंनी हातातली शेंग खाली ठेवली. "तुझी आय आताच विहिरीवर गेली, मी बघितली. म्हंजे मीच गेलो." त्यांनी थोडा विचार केला. "कवा गेलो?"

"भाऊ, ऐका. राऊल म्हनून एक हाय..."

"तो गेला?"

"न्हाय, त्यानं विक्रम मोडला."

"मोडला तं भरून दील. तुझी मिशी कनाला काढली?"

तेवढ्यात वळणावर जीपचा हॉर्न वाजला. केसरीनाथने भाऊंचे पाय धरले. "भाऊ, पाया पडतो. घटकाभर आत जाऊन बसा."

"माझ्या घरात मी लपू? मी काय चोरी केलीय?" भाऊंनी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

कर्णिक साहेब, काळूराम आणि चार हमाल खाली मान घालून अंगणात आले. दुखवट्याला म्हणून साखर, चहापत्ती, तांदूळ, डाळ असं सगळं त्यांनी आणलं होतं. भाऊंना त्यांच्यातल्या कोणी पाहिलेलं नव्हतं. घरातला वडीलधारा माणूस दिसला, म्हणजे चुलता असणार, असं धरून काळूराम त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"काका, आता तुमीच ह्या पोराचं बाप."

भाऊंनी मान हलवली. त्यात त्यांना काही चुकीचं दिसलं नाही.

"मुलगा गुणी आहे हो," कर्णिक साहेब म्हणाले. "माझ्यासमोर शपथ घेतली होती, फुटबॉल बघणार नाही म्हणून. एकदाही मोडली नाही."

"कोनाची शपथ?" भाऊंनी विचारलं.

"वडिलांची."

भाऊंचे हात थांबले. त्यांनी केसरीनाथकडे पाहिलं, रागाने नव्हे, नुसतं पाहिलं. लहानपणी त्याने शेजारच्या झाडावरचे पेरू चोरले होते तेव्हाही त्यांनी असंच बघितलं होतं. केसरीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाळलीस?" भाऊ म्हणाले.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. केसरीनाथने तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्याची आई सीताबाई पाण्याचा हंडा घेऊन अंगणात आल्या. त्यांना आधी उतरलेल्या तोंडांची माणसं दिसली, मग मुलाचा बिनमिशीचा ओठ दिसला. हंडा पडला. त्या होत्या तिथेच बसल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला.

"अवो, मना टाकून कसं गेलाव वो? सकाली तं भाकर खाल्लीव, अजून एक द्या बोल्लाव, मी न्हाय दिली वो..."

हमालांनी डोळे पुसले. कर्णिक साहेबांनी तोंड फिरवलं. काळूराम धीर द्यायला उठले, आणि ते उठल्यामुळे त्यांच्यामागे मांडीवर शेंगा घेऊन बसलेला आपला नवरा सीताबाईंना दिसला. हंबरडा मध्येच थांबला.

"मेलाव न्हाय तं हतं बसून काय करताव?"

"मना कोनी बोलूच देत न्हाय," भाऊ म्हणाले.

मग केसरीनाथने उभं राहून सगळं सांगितलं. राऊल, वज्रेश्वरी, नवस, रघू, टोपी, शपथ. नजर जमिनीवर होती. रात्री डोक्यात इतकी मोठी वाटलेली गोष्ट दिवसाउजेडी आईबापासमोर बोलताना त्याला स्वतःलाच पोरकट वाटत होती, आणि तरी ती सांगून संपत नव्हती. तीनशेआठव्या गोलापाशी एका हमालाने "पास किसने दिया?" म्हणून विचारलं, तेव्हा काळूरामांनी त्याच्याकडे डोळे वटारले.

कर्णिक साहेब उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "बापाची शपथ मोडलीस. वर मला रडवलंस. केसरीनाथ, उद्यापासून तू..."

भाऊंनी हात वर केला. "सायेब, शपथ कोनाच्या डोक्याची व्हती?"

"तुमच्या."

"मंग डोका माझा. मोडली तं माझ्यावर मोडली. मी जिता हाय आनि मी त्याला माफ केला. तुमी कनाला कावताव?"

साहेब पुन्हा खाली बसले. भाऊंनी एक शेंग सोलली आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "पन परत माझी शपथ घेव नको. त्या राऊलची घे."

केसरीनाथला रडू आलं. सकाळपासून सगळे त्याच्यासाठी रडत होते, आता त्याचा नंबर लागला.

दुखवट्याला आणलेलं परत न्यायचं नसतं, असं काळूराम म्हणाले. तेव्हा त्याच तांदळाचा भात झाला, वालाची आमटी झाली आणि अंगणात पंगत बसली. कर्णिक साहेब मात्र भात नुसता चिवडत होते. मुंबईच्या शेठना त्यांनी स्वतः फोन केला होता, बोलता बोलता गळाही काढला होता. आता खरं सांगायचं तर आधी स्वतःची शोभा करून घ्यायची. शेवटी हात धुताना ते हळूच म्हणाले, "रजा राहू दे. तेराव्यानंतर ये. आणि मुंबईचं कोणी आलं तर सांभाळून घ्या."

केसरीनाथ तेराव्यापर्यंत गावीच राहिला. करायला काही नव्हतं, म्हणून तो भाऊंबरोबर शेंगा सोलायचा आणि भाऊ विचारतील तसं राऊलचं सगळं सांगायचा.

मे महिन्यात मुंबईचे शेठ गोदाम बघायला आले. नेमके त्याच वेळी भाऊ रायवळ आंब्यांची टोपली डोक्यावर घेऊन फाटकातून आत आले. कर्णिक साहेब पांढरे पडले. काळूराम खुर्चीतून दुसऱ्यांदा उठले.

"ये कौन हैं?" शेठनी विचारलं.

केसरीनाथची मिशी अर्धीमुर्धी परत आली होती. तो स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "हे माझे... काका."

शेठनी हात जोडले. "आपके भाई का सुना. बहुत बुरा लगा."

भाऊंनी टोपली खाली ठेवली, डोक्यावरची चुंबळ काढून झटकली आणि एकदा केसरीनाथकडे बघितलं.

"मानूस चांगला व्हता तो," ते म्हणाले. "एकच खोड व्हती. पोराला लाल कार्ड दाखवाया त्याला कंदी जमला न्हाय."

शेठना काही कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. केसरीनाथने जी मान खाली घातली, ती शेठची गाडी हायवेला लागेपर्यंत वर केली नाही.