हिरव्या बटणाचे आबा

आमच्या कॉलनीच्या बैठकीत मत घ्यायची वेळ आली की रघुनाथआबा हात अर्धाच वर करत. कोपरापर्यंत. तिथे तो हात थांबे आणि आबा अध्यक्षांकडे बघून विचारत, "आदेश काय आहे?"

विषय काय, तर गणपतीत डीजे लावायचा की नाही. अध्यक्ष म्हणत, "आबा, तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना." हे ऐकलं की आबांचा चेहरा पडे. "मला वाटायचा संबंध कुठे येतो?" असं म्हणत ते हात खाली घेत, आणि बाकीचे हात मोजून झाले की जिकडे गर्दी तिकडे उंच करत. मग खूश.

आबा दोन वेळा खासदार होते. जळगावात आमच्या शेजारच्या बंगल्यात राहतात, म्हणून त्यांना मी जवळून पाहिलं. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत असे, आणि दोन्ही वेळा मी त्यांनाच मत दिलं होतं. तेव्हा पुढे जे सांगणार आहे, त्यात माझाही हात आहे.

दोन कारकिर्दींत आबांनी पक्षाविरुद्ध एकदाही मत दिलं नाही. ते हे पदवी सांगावी तसं सांगत. "बाई, माझ्या टेबलावर तीन बटणं. हिरवं होकाराचं, लाल नकाराचं, पिवळं तटस्थ. लाल कसं लागतं बोटाला, मला माहीत नाही." एकदा बटण चुकलं होतं म्हणे. विरोधकांच्या कुठल्याशा दुरुस्तीवर मतदान होतं, त्यामुळे पक्षाचा आदेश लालचा होता आणि यांनी सवयीने हिरवं दाबलं. घाम फुटला. धावत जाऊन चिठ्ठी भरून मत दुरुस्त केलं आणि तीन दिवस अंगात ताप. अक्का, म्हणजे त्यांची पत्नी, ही गोष्ट हसून सांगायची. "घरात भाजी काय करू विचारलं तरी म्हणायचे, पक्षाचं काय ठरलं? मी म्हटलं, या घरात पक्ष मी. आज शेवभाजी. लगेच म्हणाले, मंजूर!" अक्का गेल्यापासून आबांच्या घरी डबा येतो. डब्यात काय आहे ते न बघता जेवतात.

एकदा मी त्यांना वर्गात बोलावलं. एका मुलीने उठून विचारलं, "आबा, एखादा कायदा चुकीचा वाटला तर?" आबा प्रेमाने म्हणाले, "पोरी, आधी आदेश वाचायचा. मग वाटायचं." मुलं खो खो हसली. मीही हसले. तो विनोद नव्हता हे मला त्या दिवशी कळलं नाही.

भिकननाना आबांचे बालमित्र. भडगावजवळ गिरणा नदीच्या काठी दोघांचं एकच गाव. आबांची पहिली निवडणूक नानांनी स्वतःच्या मोटरसायकलवर, घसा बसेपर्यंत ओरडून लढवली. नानांची काठावर लिंबाची बाग होती. उन्हाळ्यात आबांकडे पोतंभर लिंबं येत आणि आमच्या सगळ्या गल्लीत वाटली जात.

आबांच्या दुसऱ्या कारकिर्दीत एक विधेयक आलं. प्रकल्पासाठी जमीन घेताना गावाची संमती लागायची, ती अट काढून टाकायची होती. काठावरच्या जमिनींवर एका प्रकल्पाचा डोळा आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नाना दिल्लीला गेले. "लाल दाब आसं नही म्हनत मी," ते आबांना अहिराणीत म्हणाले, "तुनी अडचण माले समजस. पन त्या दिवशी आजारी पड. घर बसी राय."

आबांनी त्यांना आग्रहाने जेवू घातलं. दिल्ली दाखवली. आणि दुसऱ्या दिवशी, हे मला आजही समजत नाही, स्वतःच पास काढून त्यांना सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत नेऊन बसवलं. समोरच्या मोठ्या फळ्यावर प्रत्येक खासदाराचा दिवा लागतो. "तो बघ, तो मना दिवा," असा आपला दिवा कौतुकाने दाखवून आबा खाली आपल्या जागेवर गेले.

दिवा हिरवा लागला.

नाना त्याच रात्रीच्या गाडीने परतले. पुढे कित्येक वर्षं आबांशी बोलले नाहीत.

वर्षभरात बाग गेली. लिंबाची झाडं जेसीबीने उपटली, तारेचं कुंपण पडलं. प्रकल्प मात्र आला नाही. आजही तिथे बोर्ड आहे आणि गवत आहे. कंपनीला कुंपणावर राखणदार हवा होता, तो गावातलाच घेतला. भिकननाना. स्वतःच्या जमिनीच्या फाटकावर, निळा शर्ट घालून.

पुढची निवडणूक जवळ आली तसा पक्षाला लोकांचा राग दिसला. पक्षाने तोच कायदा मागे घेतला. आबांनी त्यालाही हिरवं दाबलं. मी न राहवून विचारलं, "आबा, दोन्हीला हिरवं?" तर म्हणाले, "निष्ठा म्हणतात याला, बाई." गेलेल्या जमिनी अर्थातच परत आल्या नाहीत. आणि तिकीट? ते मिळालं दुसऱ्या पक्षातून फुटून आलेल्या एका माणसाला, ज्याने आपल्या पक्षाचा आदेश भर सभागृहात धुडकावला होता. एरंडोलच्या सभेत त्याच्या गळ्यात हार घालायचा मान आबांना दिला. आबांनी घातला. टाळ्याही वाजवल्या. मीही सोबत गेले होते; परत येताना गाडीत त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "हार नीट बसला होता ना?"

गेल्या हिवाळ्यात नानांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. जळगावच्या एका दवाखान्यात आणलं. आबांना कुठून कळलं कोण जाणे. सकाळी माझ्या दारात उभे, इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून. "बाई, रिक्षा बोलवा. तुम्हीपण चला."

दवाखान्यात गेलो तर आबा खोलीत शिरेनात. बाहेरच्या बाकावर बसले. दुपारपर्यंत बसले आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी तेच. चार दिवस तेच. नर्स मला विचारू लागल्या, हे कोण? मी म्हटलं, माजी खासदार. त्या म्हणाल्या, मग आत का जात नाहीत?

पाचव्या दिवशी नानांची बायको, कमलअक्का, बाहेर आल्या. आबांसमोर उभ्या राहिल्या. "चार दिन व्हई गयात. बठ्ठा दवाखाना दखी राहिना तुमले. आत या, नही तर घर जा."

सगळा दवाखाना खरंच बघत होता. आबा उठले. मी दारातच थांबले.

नाना छताकडे बघत पडले होते. आबा खाटेजवळ गेले, कठड्याला धरून उभे राहिले, आणि म्हणाले, "भिका, मी चुकनू रे."

नानांनी मान वळवली. शब्द अडखळत, एकेक करून आले. "तू चुकना नही. तुले बठ्ठं माहीत व्हतं."

"हा," आबा म्हणाले. "माले माहीत व्हतं."

कमलअक्कांनी पेजेची वाटी आणली होती. आबांनी ती त्यांच्या हातून घेतली, चमचा भरला, नानांच्या तोंडापाशी नेला. नानांनी ओठ मिटून घेतले. आबांनी चमचा मागे घेतला नाही. पेज त्यांच्या झब्ब्यावर सांडली, तरी नाही. चमचा रिकामा झाला की पुन्हा भरत होते. बाहेर औषधांच्या ढकलगाडीचं चाक करकरत गेलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग नानांनी डावा हात उचलला, वाटीला लावला, आणि काढून घेतला.

"गार व्हई गयी," ते म्हणाले. "गरम करी आन."

आबा वाटी दोन्ही हातांत धरून बाहेर आले. मला ओलांडून गेले, मी दिसलेच नाही त्यांना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यातून, ज्याला त्याला "गॅस कुठे आहे, गॅस?" असं विचारत, ते जवळजवळ पळतच निघाले.