मोकळ्या टाचेच्या वसुधाताई

वसुधाताई रांगेत सरळ उभ्या राहत नाहीत. डेअरीत दूध घ्यायचं असो की बँकेत चेक भरायचा असो, पुढचा माणूस हलेपर्यंत त्या एक पाय पुढे टाकतात, मागची टाच उचलतात, मागचा गुडघा जमिनीपासून चार बोटांवर आणतात आणि तिथेच थांबतात. मनात वीस मोजतात, मग पाय बदलतात. एकदा इथे न्यूझीलंडमध्ये, मराठी मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना त्यांनी हे केलं. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका बाईंना वाटलं, इकडची नमस्काराची पद्धत असेल. त्यांनीही गुडघा वाकवला. त्यांना उठवायला दोघं लागले. वसुधाताई उलट त्यांच्यावरच चिडल्या. "वजन दोन्ही पायांवर सारखं नको?" म्हणाल्या.

हा टेलिमार्कचा व्यायाम. बर्फावरून घसरण्याच्या या प्रकारात बूट फक्त चवड्याशी स्कीला अडकवतात, टाच सुटी राहते. वळताना गुडघा टेकल्यासारखा वाकवावा लागतो. टाच सुटी असल्यामुळे स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून त्याच स्कीवर डोंगरही चढता येतो, वर नेणारी दोरावरची लिफ्ट लागत नाही. लिफ्टने वर जाणाऱ्यांबद्दल वसुधाताईंचं मत ठरलेलं होतं: "चढायला नको आणि उतरायची हौस." अशा लोकांच्या टाचा स्कीला घट्ट बांधलेल्या असतात, याचा तर ताईंना विशेष राग. "टाच बांधली की माणसाचं सामान होतं."

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावात त्या आमच्या शेजारी राहायच्या. मूळच्या साताऱ्याच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, हॉस्पिटलात फार्मासिस्ट, घरात एकट्या. मंडळातली मुलं मावशी म्हणायला लागली तर त्या म्हणत, "मी कुणाची मावशी नाही. नावाला काय झालंय माझ्या?" ताई मात्र त्यांना चालायचं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

राग हा त्यांचा रोजचा पोशाख होता. दुकानात टेलिमार्कचे बूट त्यांच्या मापाचे मिळत नसत, तिथल्या पोऱ्याने लहान मुलांचे दाखवले म्हणून त्या दोन हिवाळे त्या दुकानाशी भांडत होत्या. ओल्या पट्ट्या तशाच गुंडाळून ठेवणाऱ्यांवर राग. "शी'ल बी राइट" म्हणणाऱ्यांवर तर फारच. काहीही बिघडलं तरी इथले लोक होईल नीट अशा अर्थाने हे म्हणतात. "आपोआप काही नीट होत नाही. कुणीतरी करतं, म्हणून होतं," असं त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनाही ऐकवत.

त्यांचे जुने चामड्याचे बूट उसवले तेव्हा इथल्या कारागिराचं काम पसंत पडेना, म्हणून त्या ते बूट सुट्टीत साताऱ्याला घेऊन गेल्या. त्या बुटांच्या तळाला चवड्याखाली तीन भोकं असतात, त्यात स्कीवरचे तीन खिळे बसतात. चांभाराने शिवण सुरेख घातली. शिवाय ताई परदेशातून आल्यात म्हणून, एक पैसा जास्त न घेता, ती तिन्ही भोकं बुजवून वर पॉलिश मारलं. ताईंनी बूट उघडले ते इथे आल्यावर. गॅरेजमध्ये ड्रिल घेऊन त्या भोकं पाडत होत्या आणि ड्रिलच्या आवाजावर त्यांचा आवाज मला कुंपणापलीकडे ऐकू येत होता.

अशा बाईंनी मला पकडलं. मी वेलिंग्टनला आयटीत, दिवसभर खुर्चीत. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला त्यांच्या लॉनवर गुडघे वाकवायला लावले, दुसऱ्या हिवाळ्यात रुआपेहूच्या बर्फाळ डोंगरावर नेलं. मी शंभरदा पडलो. "पडलास ते ठीक आहे, पण बघत कुठे होतास?" हे शंभरदा ऐकलं. तरी मला ते आवडायला लागलं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात, दोन हजार सहाच्या सुमारास, आम्ही लिफ्टपासून लांबच्या उतारावर जायचं ठरवलं. तिथे बर्फाचा थर कोसळण्याची भीती असते, म्हणून प्रत्येकाने छातीला ट्रान्सीव्हर बांधायचा. कुणी गाडला गेला तर वर उरलेल्यांनी आपल्या यंत्रावर त्याचा सिग्नल पकडून त्याला शोधायचं. ताईंनी त्यांच्याकडचा एक मला दिला होता. आदल्या दिवशी फोन आला. "नव्या बॅटऱ्या घातल्यास?"

"हो," मी म्हणालो.

घातल्या नव्हत्या. टीव्हीच्या रिमोटमधल्या काढून घातल्या होत्या.

चार तास गाडी चालवून आम्ही पोचलो. आकाश निळंशार होतं, वारा नव्हता. ताईंच्या क्लबमधले ग्रॅहम नावाचे निवृत्त शिक्षक आपल्या गाडीने तिथे आले होते. ताईंनी सगळ्यांची यंत्रं तपासली. माझ्या यंत्रावर बॅटरीचा आकडा आला अडतीस टक्के.

"या नव्या?"

मी खरं सांगितलं. ग्रॅहम म्हणाले, त्यांच्याकडे जादा आहेत. ताई म्हणाल्या, "माझ्याकडेही चार आहेत. प्रश्न बॅटरीचा नाही." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "हे यंत्र तुझ्यासाठी नसतं, अभय. मी खाली गाडली गेले तर मला शोधायला तुझ्या हातात हेच असणार. माझा जीव मी तुझ्याकडे देत होते, आणि तू मला फोनवर खोटं सांगितलंस. बॅटरी बदलता येते. तुझं काय करू?"

त्यांनी स्की परत गाडीवर बांधल्या. ग्रॅहम एकटेच लिफ्टकडे गेले. मी भडकलो. चार तासांचा रस्ता, असा दिवस, आणि एका चुकीसाठी बाईंनी मला शाळकरी पोरासारखं झापलं होतं. परतीच्या वाटेवरचं ताइहापे गाव आलं. मग मी बोललो. "तुमच्याबरोबर कुणी का येत नाही, ते आज कळलं."

त्या गाडी चालवत राहिल्या. वेग वाढला नाही, कमीही झाला नाही. घरी सोडताना दाराशी थांबल्या, मी उतरलो, आणि त्या शेजारी आपल्या घराकडे वळल्या. मला वाटलं होतं, चिडतील. न चिडलेल्या वसुधाताई मी पहिल्यांदाच पाहिल्या आणि मला ते सहन होईना.

तीन आठवडे आम्ही कुंपणाशी समोरासमोर आलो नाही. शेवटी एका रविवारी दुपारी बायकोने मला ढकललं. ताईंच्या गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. मी इतकी वर्षं बाहेरूनच आवाज ऐकले होते, आत कधी गेलो नव्हतो.

"येतोयस तर दार लाव. मेण गार होतंय."

त्या इस्त्रीने स्कीच्या तळाला मेण लावत होत्या. मागच्या भिंतीला लाकडी मांडणी होती, तिच्यावर स्कींच्या सात जोड्या आणि खाली बूट, सगळे जुने, कुणीतरी वापरून विकलेले. प्रत्येकावर औषधाच्या बाटलीवर असते तशी छापील चिठ्ठी. नाव, बुटाचं माप, वजन. राजीव. शुभदा. परांजपे. सगळी मंडळातली माणसं. एका जोडीवर माझ्या बायकोचं नाव होतं, तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"ही कुणाची?" मी टेबलावरच्या जोडीकडे बघत विचारलं.

"परांजप्यांची."

"ते तर मेलबर्नला गेले. चार वर्षं झाली."

"राजीव-शुभदा ब्रिस्बेनला गेले. इथलं नागरिकत्व मिळालं की सगळे ऑस्ट्रेलियात पळतात. चढायच्या आधीच." त्यांनी इस्त्री जरा जोरात फिरवली. "ते गेले म्हणून तळ कोरडे पडू द्यायचे का?"

मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी गाडीत मी जे बोललो..."

"बोललास ते खरं होतं. मी बोलले तेही खरं होतं."

मग त्यांनी मला जोडीचं दुसरं टोक धरायला लावलं. बराच वेळ आम्ही दोघं मेण खरवडत होतो आणि त्याच्या पांढऱ्या साली पायांवर पडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"शनिवारी हवा बरी आहे," त्या म्हणाल्या. "तुला वेळ असेल का?"

दोन वर्षांत त्यांनी मला फक्त किती वाजता यायचं ते सांगितलं होतं. येशील का, असं विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. त्यांनी पुढची जोडी काढली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि ती जोडी टेबलावर अलगद ठेवली.