राष्ट्रीय महत्त्वाची घोंगडी

लोणी भापकरच्या तात्याबा कोकऱ्यांनी १९९६ सालच्या दिवाळीनंतर एक घोंगडी विणली, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा. मुलगा मल्हार लष्करात होता आणि त्या वर्षी त्याची नेमणूक बर्फातल्या चौकीवर झाली होती. "आबा, हितं चहा कपात वतूस्तवर गार व्हतो, हातापायाची बोटं सुजल्यात," असं त्यानं पत्रात लिहिलं. मुलगी सुकन्या ते वाचून दाखवत होती, तेव्हा तात्याबांना बसल्या जागी हुडहुडी भरली. मेंढरं विकून सात वर्षं झाली होती, पण काळ्या लोकरीचा एक गठ्ठा घरात शिल्लक होता. त्यांच्या बायकोनं, कुशाबाईंनी सूत काढलं, चिंचोके कुटून, शिजवून खळ केली. तात्याबांनी सुताला खळ लावून घोंगडी विणली. खळीमुळे घोंगडी पाणी धरत नाही आणि वारा आत घेत नाही, हे त्यांच्या आळीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

घोंगडी मांजरपाटात शिवून तात्याबा बारामतीच्या पोस्टात गेले. आत काय आहे, असं कारकुनानं विचारलं.

"घोंगडी हाय. माज्या पोराला, मल्हारला धाडायचीय, फौजेत हाय त्यो. पावसात भिजत न्हाय, बर्फात बी ऊब सोडत न्हाय."

हे ऐकून रांगेत मागं उभ्या असलेल्या प्रा. नारायण उपासनींनी कान टवकारले. उपासनी सर इंदापूर तालुक्यातल्या कर्मसाधना महाविद्यालयात होते. त्या महाविद्यालयानं विद्यापीठामार्फत देशाच्या संरक्षणासाठी संशोधन सहकार्याचा करार केला होता. करारावर सह्या झाल्या, वर्तमानपत्रात फोटो आला, प्रयोगशाळेला नवी पाटी आणि दोन कुलपं लागली. संशोधनाला विषय तेवढा मिळायचा होता, आणि अहवाल मार्चअखेर द्यायचा होता.

"तात्या," सर म्हणाले, "एकट्या मल्हारला ऊब देऊन कसं चालेल? तिथं हजारो मल्हार कुडकुडताहेत. चार दिवस द्या. तपासतो आणि सगळ्या फौजेसाठी शिफारस करतो."

तात्याबांचा ऊर भरून आला. "पर माज्या पोराला आदी मिळंल न्हवं?"

"अहो, पहिली त्यालाच!"

चार दिवसांचे चार आठवडे झाले, तेव्हा तात्याबा दोन एस्ट्या बदलून महाविद्यालयात पोचले. घोंगडीचे कापून सोळा नमुने केले होते. एक जाळून पाहिला होता, एक आम्लात बुडवला होता आणि एक गहाळ झाल्यामुळे त्याच्यासाठी चौकशी समिती बसली होती. नमुना पाण्यात भिजत नाही, असा निष्कर्ष सात पानांत निघाला होता. सरांनी कृती विचारली. तात्याबांनी लोकरीपासून चिंचोक्यापर्यंत सगळं मोकळ्या मनानं सांगितलं. सरांनी ते टंकलिखित करून घेतलं, वर 'गोपनीय' असा शिक्का मारला आणि कागद कपाटात टाकला.

"उरलेली घोंगडी तरी द्या," तात्याबा म्हणाले. "न्हायतर दुसरी इणतो."

सरांचा चेहरा उतरला. "दुसरी? ती आता विणता येणार नाही, तात्या. कृती गोपनीय आहे."

"आवो, ती मीच सांगितली की तुमास्नी!"

"तीच तर अडचण आहे. ही माहिती फक्त पात्र व्यक्तींजवळ असू शकते. तुमचं शिक्षण किती?"

"दुसरी."

"किमान अर्हता पदव्युत्तर आहे," सर हळहळून म्हणाले. माणूस मनानं वाईट नव्हता.

पुढच्या आठवड्यात सुरक्षा अधिकारी लोणी भापकरला आले. गावातल्या तेवीस घरांना ही कृती अनधिकृतपणे येत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तात्याबांच्या मागाला लाखेचं सील ठोकलं, कुशाबाईंचं खळीचं भांडं ताब्यात घेतलं आणि देवळामागच्या चिंचेला तारेचं कुंपण घातलं.

"मंग आमी आमटीत चिंच घालायची का न्हाय?" कुशाबाईंनी विचारलं.

"घाला. चिंचोके मात्र ग्रामपंचायतीत जमा करायचे."

"आन् पोरगं तितं गारठून मरंल त्याचं काय?"

यासाठी अधिकाऱ्यांकडे रकाना नव्हता. उपासनी सरांनीच मग मार्ग काढला. आपण ही कृती विसरलो आहोत, असं प्रतिज्ञापत्र तात्याबांनी दिलं, तर ते माहिती बाळगणारी अपात्र व्यक्ती राहणार नाहीत आणि मल्हारच्या घोंगडीची फाइल पुढं सरकेल. तात्याबा बारामतीला गेले. तिथं एका जाणकारानं सांगितलं, की माहिती इंदापूर तालुक्यात उघड केलीत, तेव्हा ती इंदापुरातच विसरावी लागेल. तात्याबांनी इंदापूरची गाडी धरली.

स्टँडजवळ लिंबाखाली अर्ज लिहिणारा गेणबा टाइपरायटर मांडून बसला होता.

"काय इसरलात?" त्यानं विचारलं.

"ते सांगायचं न्हाय."

"मंग इसरलात हे कशावरनं?"

तात्याबांनी खूप विचार केला. मल्हारची सुजलेली बोटं त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. शेवटी ते म्हणाले, "लिवा, मला काय बी ठावं न्हवतंच कवा."

"ही झाली कायद्याची भाषा," गेणबा खूश झाला. तात्याबांनी अंगठा उठवला. सात पिढ्यांची विद्या स्टँपपेपरवर संपली आणि म्हाताऱ्यानं परतीची गाडी धरली.

अहवाल मार्चअखेर वेळेत गेला. सरांना प्रशस्तिपत्र मिळालं. एप्रिलमध्ये मल्हारचं पत्र आलं. सुकन्या ते वाचू लागली.

"आबा, घोंगडी काय आली न्हाय. टपालात हरवली असंल, जिवाला लावून घिऊ नगा. माज्या डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली, बाकी खुशाल हाय. हितं एक लोखंडी पेटी आलीया. थंडीत ठिवून बघायची, पर उघडायची न्हाय, असा हुकूम हाय. आमी पाळीपाळीनं तिच्यावर पहारा देतो. तिच्या फटीतनं वास येतो. माजी पाळी आली की मी तिला टेकूनच हुबा ऱ्हातो, घरी असल्यागत वाटतं. कसला वास असंल, आबा? तुमास्नी ठावं हाय का?"

कुशाबाईंनी तोंडाला पदर लावला. सुकन्येनं डोळे पुसले आणि उत्तर लिहायला कागद घेतला.

"काय लिवू, आबा?"

तात्याबांनी सील ठोकलेल्या मागाकडे पाहिलं.

"लिव," ते म्हणाले, "ठावं न्हाय."

आता राहता राहिलात तुम्ही. ही कृती तुम्हालाही कळली आहे आणि तुमची अर्हता कोणी तपासलेली नाही. पण घाबरू नका. तुमच्यापासून कसलाही धोका नसल्याचा शेरा सुरक्षा अधिकाऱ्यांनी फाइलवर मारून ठेवला आहे. सव्वीस जानेवारीला मल्हारसाठी टाळ्या वाजवायच्या आणि सत्तावीसला त्याला विसरायचं, हा तुमचा लौकिक त्यांना माहीत आहे. तुमच्याकडून कोणी प्रतिज्ञापत्र मागणार नाही.