इस्माईलभाईंची शलाका

"वहिनी, तुमच्या दाराला तेल घालू नका. निदान ईद होईपर्यंत तरी."

इस्माईलभाई माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. नवीन पनवेलमधल्या त्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. दाराची बिजागरी इतकी करकरायची की दार उघडलं की जिन्यातली मांजरं पळायची. मिलिंद, माझा नवरा, तेलाची बाटली घेऊन स्टुलावर चढला होता. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून पांढरी दाढी, चौकड्यांची लुंगी आणि गळ्यात हेडफोन असे एक गृहस्थ धापा टाकत वर आले.

"का बरं?" मिलिंदने विचारलं.

"तो आमच्या यानाचा दरवाजा आहे."

एवढं बोलून त्यांनी खिशातून छोटा रेकॉर्डर काढला, दारापाशी धरला, दार सावकाश उघडलं, सावकाश मिटलं, डोळे मिटून ऐकलं, "सुभानअल्ला" म्हणाले आणि खाली निघून गेले. मिलिंद बाटली हातात धरून तसाच स्टुलावर.

मग हळूहळू कळलं. इस्माईलभाईंची उमेदीची वर्षं मस्कतला गेली होती. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात लग्नाच्या हॉलचे माइक आणि स्पीकर सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. परत आले आणि पनवेलच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहू लागले. मुलगी लग्न होऊन महाडला. आणि या एकट्या माणसाने घरात बसून श्रुतिका करायला घेतल्या होत्या. साध्यासुध्या नाहीत, अवकाशातल्या.

त्याचं मूळ त्यांच्या लहानपणात होतं. जुन्या पनवेलमध्ये शिंप्याच्या दुकानातल्या रेडिओवर तेव्हा एक मालिका लागायची. प्रोफेसर मार्तंड नावाचा शास्त्रज्ञ आणि त्याची मदतनीस शलाका, दोघं यानातून निरनिराळ्या जगांत फिरायचे. एका भागात शलाका चुकून दुसऱ्याच जगात मागे राहिली, यानाचं दार बंद झालं आणि प्रोफेसर परत आले. पुढच्या आठवड्यात नवीन मदतनीस. शलाकेचं नावही कुणी काढलं नाही. म्हणे तिचं काम करणाऱ्या बाईंचं लग्न झालं होतं.

या गोष्टीचा राग इस्माईलभाईंच्या मनातून कधी गेलाच नाही. "अहो, पोरीला तिकडं टाकून आले आणि इकडं चहा पीत बसले! माणूस हाय का कोण?" हे ते असं सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं प्रोफेसर मार्तंड आपल्याच सोसायटीत बी विंगमध्ये राहतो.

म्हणून त्यांनी शलाकेची पुढची गोष्ट स्वतःच करायला घेतली. ती एका जगातून दुसऱ्या जगात जात राहते, घराची वाट शोधत. प्रत्येक जग म्हणजे पनवेलच, फक्त एखादी गोष्ट वेगळी. एका पनवेलात खाडी बुजलेलीच नाही, गलबतं थेट बाजारात लागतात. एका पनवेलात डास माणसांना घाबरतात. एकात गाढी नदी उलटी वाहते आणि लोक रोज सकाळी आदल्या दिवशीची भांडणं परत भांडतात. मी एकदा सुचवलं, विमानतळ होऊन विमानं उडताहेत असं पनवेल दाखवा. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "नको वहिनी. कल्पना कितीही करा, ऐकणाऱ्याला पटली पायजे."

त्यांच्या बोलण्याची सुरुवातच "समजा" या शब्दाने व्हायची. भाजीवाल्याला म्हणायचे, "समजा ही वांगी ताजी असती, तर तू काय भाव सांगितला असतास?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून आवाज चढले, की हे उठून म्हणायचे, "समजा पाणी आलंच, तर मग आपण कशावर भांडणार?" अशा वेळी अध्यक्षांना पुढचा विषय घ्यावा लागायचा.

स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं लाकडी कपाट. आतून गोधड्या ठोकलेल्या. त्यात स्टूल, माइक आणि घामाघूम झालेला कलाकार. बाहेर इस्माईलभाई कॉम्प्युटरपाशी, एक हात वर करून. हात खाली आला की बोलायचं. भारनियमनाची वेळ पाहून रेकॉर्डिंग ठरायचं आणि खालून लग्नाची वरात गेली की सगळे कपाळाला हात लावून बसायचे. आवाजांसाठी आख्खी इमारत कामाला लागली होती. विजांचं वादळ म्हणजे कढीपत्त्याची फोडणी. हिमनग तुटतो तो पोह्याचा पापड. मिलिंद जासईच्या कंटेनर यार्डात कामाला होता. ड्यूटीवरून दमून आला, की इस्माईलभाई जिन्यात त्याला अडवायचे. "मिलिंदभाऊ, बूट काढू नका. जरा दोन जिने चढा-उतरा. लोखंडी माणसांची फौज पायजे." आणि मिलिंद बिचारा फौज व्हायचा.

सगळे खलनायक तळमजल्यावरचे जनार्दनशेठ करत. मूळचे गव्हाणचे, धिप्पाड, आवाज असा की फोनवर बोलले तरी फोनची गरज वाटू नये. परग्रहाचा सम्राट म्हणून ते गरजत, "शलाके! तू माज्या राज्यान आलीस, आता तुला सोडनार नाय!" कुणीतरी म्हणालं, सम्राट जरा शुद्ध बोलला पाहिजे. इस्माईलभाई उखडले. "दुसऱ्या जगातला सम्राट सदाशिव पेठेतनं येतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

अडचण होती ती शलाकेचीच. पहिले काही भाग इस्माईलभाईंनी स्वतःच आवाज बारीक करून शलाका केली होती. जनार्दनशेठनी ते ऐकलं आणि स्पष्ट सांगितलं, "भाई, ती शलाका नाय. ती सर्दी झालेली बकरी हाय."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं.

त्या घरात आलो तेव्हा मी गरोदर होते. आठव्या महिन्यात बाळ गेलं. मुलगी होती. मी शाळेत शिकवायचे, ती नोकरी सोडून घरी बसले. लोक भेटायला आले, म्हणाले पुढच्या वेळी सगळं नीट होईल, चहा पिऊन गेले. मिलिंद कामावर जायचा, यायचा. आम्ही दोघं गॅस, दूध, वीजबिल यांवर बोलायचो. बाकी घरात पंख्याचा आवाज.

अशा एका दुपारी इस्माईलभाई आले. हातात एक कागद. काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. म्हणाले, "वहिनी, एक वाक्य बोलून द्याल? एकच. शलाका नव्या जगात उतरली आहे, चहूकडे धुकं आहे, आणि ती हाक मारते."

मी नको म्हणणार होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची दया नव्हती, फक्त शलाकेची काळजी होती. मी खाली गेले, कपाटात बसले, कागद वाचला. "इथं कुणी आहे का?"

चार शब्द संपेपर्यंत आवाज फाटला. मी म्हटलं, थांबा, परत करते.

"नाय," इस्माईलभाई बाहेरून म्हणाले. "अशीच हाय ती. एकदम अशीच."

एका वाक्याचे दहा झाले, मग भाग, मग मी शलाकाच झाले. आठवड्यातून दोन दुपारी मी त्या कपाटात बसून निरनिराळ्या जगांत जायचे. सम्राटांना खडसावायचे, उलट्या नद्या ओलांडायचे, जनार्दनशेठच्या कैदेतून सुटायचे. शाळेत वर्ग गप्प करणारा माझा आवाज हळूहळू परत आला. गोधड्यांना डांबरगोळ्यांचा वास यायचा. तो वास आजही कुठे आला की मला बरं वाटतं.

भाग तयार झाला, की इस्माईलभाई त्याच्या सीडी करून वाटायचे. पुढे मोबाईल आले आणि मेमरी कार्डातून शलाका आखाती देशांत पोचली. मस्कत, कुवेत, सलाला. आपल्याकडची मुलं तिथल्या खोल्यांवर रात्रीच्या जेवणाला ती लावत. एकदा इस्माईलभाईंच्या घरी मस्कतहून फोन आला, मीच उचलला. पलीकडचा मुलगा एकदम अदबीने म्हणाला, "शलाकाताई हायत का? त्यांना सांगा, आमच्या खोलीवरची सगळी पोरं दुवा करतात. त्या लवकर घरी पोचू देत." मी सांगते म्हटलं. आणखी काय म्हणणार?

पण ते नंतरचं. मी शलाका झाले त्याला वर्ष होत आलं होतं. एका दुपारी रेकॉर्डिंग आटोपलं होतं. जनार्दनशेठ निघून गेले होते. मी कपाटातून बाहेर येता येता म्हणाले, "इस्माईलभाई, एक पनवेल माझ्यासाठी लिहाल? सगळं असंच. फक्त माझी मुलगी आहे. वर्षाची झाली आहे. शलाका तिथल्या आमच्या घरी जाते, तिला कडेवर घेते, बास."

त्यांनी आधी कॉम्प्युटर बंद केला. मग माइकची वायर काढून ठेवली.

"नाय लिहिणार, वहिनी."

मला राग आला. सगळ्या जगाचं लिहिता, माझं एवढंसं लिहीत नाही!

ते खुर्ची ओढून बसले. लुंगीच्या टोकाने चष्मा पुसत राहिले. "आमची बायको आजारी पडली, तेव्हा मी तिकडं. रजा मिळाली, तिकीट मिळेना. पोचलो तेव्हा कबरस्तानात मिट्टी होऊन गेली होती. नंतर हे सगळं सामान आणलं ना, तर सगळ्यात पहिला भाग मी तोच केला. समजा विमान मिळालं. समजा मी वेळेवर घरी आलो, ती पलंगावर उठून बसली, मला म्हणाली, किती वाळलात. तिचं बोलणं एका भाचीकडून करून घेतलं. झकास झाला होता. रोज ऐकायचो. जेवताना, झोपताना. महाडचा फोन वाजायचा, तोपण उचलायचो नाय."

"मग?"

"मग काय. एक दिवस बसलो होतो आणि तिची हाक आठवायला गेलो. खरी हाक. दुपारी गल्लीतनं मला जेवायला बोलवायची ती. तर आठवला भाचीचा आवाज. वहिनी, खुदा कसम, कितीही आठवलं तरी भाचीचाच. पुसून टाकला तो भाग त्याच दिवशी. पण तिचा आवाज काय परत आला नाय. कधी कधी, कुणी गल्लीत हाक मारली तर, जरासा येतो. पुरा नाय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हणून सांगतो. तुमच्या पोरीला दुसऱ्या कुणाचा आवाज देऊ नका."

मग त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवणार होता तिचं?"

इतक्या लोकांनी इतकं काय काय विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. नाव आम्ही दोघांनी मिळून ठरवलेलं होतं. ती गेल्यापासून ते ना मिलिंद बोलला होता, ना मी.

"सई," मी म्हणाले.

"सई," ते म्हणाले. हळू, नीट, जणू शेजारी कुणी झोपलेलं असावं. "फार गोड नाव. आमचीचं नाव जुबेदा."

इतक्या दिवसांत "आमची बायको" यापलीकडे त्यांच्या तोंडून मी काही ऐकलं नव्हतं. मीही ते नाव एकदा उच्चारलं. त्यांनी मान हलवली, उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी हलवत राहिले.

पुढे जूनमध्ये मी शाळेत परत गेले. इस्माईलभाई नंतर कितीतरी वर्षं शलाकेचे भाग करत राहिले आणि सुट्टीच्या दिवशी मी कपाटात बसत राहिले. माझ्यावर अनेकांचे उपकार आहेत, पण माझं दुःख न चिवडता, न झाकता माझ्याशेजारी येऊन बसलेला माणूस हा एकच.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलं. संध्याकाळी मिलिंद आला, आम्ही जेवायला बसलो. मी म्हणाले, "आज मी इस्माईलभाईंना सईचं नाव सांगितलं."

त्याचा हात ताटातच थांबला. माझ्याकडे बघितलं, मग उठला, हात धुतला आणि चपला न घालता खाली गेला. बराच वेळ आला नाही. खाली काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आला तेव्हा डोळे लाल होते आणि हातात झाकलेलं ताट.

"सांदणं दिलीत," तो म्हणाला. "स्वतः केलीत. म्हणाले, दोघांनी एका ताटात खा."

नारळाच्या रसातली ती तांदळाची मऊ सांदणं. आम्ही दोघं जमिनीवर बसलो, ताट मध्ये घेतलं. पहिला घास मोडताना मिलिंद म्हणाला, "सईला गोड आवडलं असतं, नाही?"

"तुझ्यावर गेली असती तर," मी म्हणाले.